कार्लेखिंडीतली ‘सेव्हन’

पेणहून अलिबागला निघालं की वडखळला महामार्ग सोडायचा, डावी-उजवीकडे डोलवीच्या पोलाद कारखान्याचा पसारा बघत धरमतरच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा, पोयनाड मागे टाकायचं, की रस्ता कार्लेखिंडीत शिरतो. शनिवार-रविवारी इथून मुंबईच्या गाड्यांची रांग जाते. मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून, म्हणजे मार्च २०२० पासून, काहीजण गाडीसकट समुद्रातूनच उतरतात. बाकीचे या खिंडीतून. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, की ज्या गाडीसाठी इंग्लंड-जपानमधले शौकीन जीव टाकतात, तिची भारतीय आवृत्ती याच खिंडीच्या परिसरात बनली.

गुइडो आणि शमा बोथे यांच्या ‘चिंकारा मोटर्स’ या छोट्या कंपनीचा पत्ता कार्लेखिंड, तालुका अलिबाग. त्यांची ‘रोडस्टर १.८ एस’ ही दोन माणसांची उघडी गाडी. लांबलचक नाक, चाकांवर सुटे मडगार्ड, दार जवळजवळ नाहीच, आणि बसायची जागा इतकी खाली की हात बाहेर काढला तर डांबराला बोटं टेकावीत. हे रूप उचललं होतं ‘लोटस सेव्हन’ या १९५७ सालच्या इंग्रजी गाडीवरून. अंग फायबरचं. इंजिन मात्र आपल्या ओळखीचं: इसुझूचं अठराशे सीसी पेट्रोल इंजिन, जे हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसामध्ये आणि १८०० आयएसझेड या अँबेसेडरमध्ये बसायचं.

सरकारी पांढऱ्या अँबेसेडरचं इंजिन शर्यतीच्या गाडीत, हे ऐकून पुष्कळजण हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. उलट प्रतिकृती कशी निवडावी याचं अर्धं उत्तर या एका निर्णयात आहे, आणि तेवढ्यासाठी आधी मूळ गाडीची गोष्ट नीट सांगितली पाहिजे.

कॉलिन चॅपमन हा लोटसचा संस्थापक. गाडी वेगवान करायची तर बहुतेकजण मोठं इंजिन शोधतात. चॅपमन वजन शोधायचा आणि ते काढून टाकायचा. जो भाग दोन कामं करत नाही, तो त्याला खटकायचा. सेव्हनचा सांगाडा बारीक पोलादी नळ्या जोडून केलेला, त्रिकोणांत बांधलेला. त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे अशा रीतीने रिव्हेट केलेले, की पत्रा नुसता झाकत नाही, सांगाड्याला ताठपणाही देतो. सारी गाडी पाचशे किलोंच्या आसपास. सुरुवातीच्या सेव्हनला फोर्डचं ११७२ सीसीचं साधं, जुन्या घडणीचं इंजिन होतं, जेमतेम चाळीस हॉर्सपॉवरचं. तेवढ्यावर ती वळणांवर भल्याभल्या गाड्यांना मागे टाकायची, कारण वळणावर वजनच आडवं येतं.

शिवाय ती सुट्या भागांत मिळायची. इंग्लंडमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र भागांबरोबर जोडणीची पुस्तिका दिली तर ती गाडी तयार समजून कर लागायचा. त्यावर काढलेली युक्ती प्रसिद्ध आहे: जोडायची नव्हे, तर खोलायची पुस्तिका द्यायची. गिऱ्हाइकाने ती शेवटच्या पानापासून वाचत यायचं. शनिवारची रेस घरून चालवत जाऊन खेळायची आणि त्याच गाडीने परत यायचं, अशी शेकडो तरुणांची सोय या गाडीने केली. शर्यतीची गाडी श्रीमंतांच्या तबेल्यातून सामान्य माणसाच्या अंगणात आणणारी गाडी म्हणून मला ती थोर वाटते.

पुढचा भाग प्रतिकृतींच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत नाक आणि मडगार्ड फायबरचे झाले. १९७० मध्ये चौथी आवृत्ती आली ती सबंध फायबरच्या अंगाची, जरा गुबगुबीत, ‘आधुनिक’. गिऱ्हाइकाला ती रुचली नाही. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला, सुट्या भागांच्या गाडीचा फायदा संपला आणि लोटसने सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम गावातल्या ग्रॅहम नेर्न या आपल्याच विक्रेत्याला विकले. नेर्नने थोडे दिवस चौथी आवृत्ती काढून पाहिली आणि मग मागे वळून तिसरी काढायला घेतली. ती, पुष्कळ सुधारणांसह, ‘केटरहॅम’ या नावाने आजही निघते. म्हणजे मूळ मालकाने हात काढून घेतल्यावर एका विक्रेत्याने जपलेलं रूप आज ‘अस्सल’ समजलं जातं. त्याच्या इंजिनांची यादी बघा: फोर्ड, कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स, कॉसवर्थ, व्हॉक्सहॉल, रोव्हर, आणि २०१३ पासून काही गाड्यांना चक्क सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. अस्सल केटरहॅमला सुझुकी चालते, तर कार्लेखिंडीतल्या गाडीला इसुझू का चालू नये? सेव्हनचं सेव्हनपण इंजिनात कधी नव्हतंच. ते नळ्यांच्या सांगाड्यात आणि काट्यावर दिसणाऱ्या आकड्यात आहे.

हिशेब करून बघा. अँबेसेडर अकराशे किलोंच्या पुढची. इसुझूचं इंजिन तिच्यात सुमारे पंचाहत्तर हॉर्सपॉवर द्यायचं. तेच इंजिन सातशे किलोंच्या गाडीत बसवलं, तर दर हॉर्सपॉवरला वाट्याला येणारं वजन पंधरा किलोंवरून सुमारे सव्वानऊ किलोंवर येतं. इंजिनाला हातही लावायला नको. आणि अँबेसेडर तरी कुठे मूळची आपली? मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीचा साचा हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात आला आणि २०१४ पर्यंत चालला. मुंबईची पद्मिनी ही फियाट ११००. महिंद्रांची जीप विलीजची. परवान्याने केलेली नक्कल हाच आपल्या मोटार उद्योगाचा पाया. तेव्हा ‘प्रतिकृती म्हणजे खोटी’ असं नाक मुरडून बोलण्याची आपल्याला तरी गरज नाही.

पेणच्या माणसाला तर हे सांगावंच लागू नये. हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर गणपती साच्यातून निघतात. आधी एक मूळ मूर्ती हाताने घडते, तिच्यावरून रबराचा साचा होतो, त्याला बाहेरून कवच, मग ओतकाम, सांध्यांची घासणी, रंग, आणि सगळ्यांत शेवटी सगळ्यांत तरबेज हाताकडून डोळ्यांची आखणी. साच्यातून निघालेल्या गणपतीला कोणी खोटा म्हणत नाही. पण कारखान्यातल्या जाणत्याला हेही पक्कं ठाऊक असतं, की निघालेल्या मूर्तीवरूनच पुन्हा साचा घेतला आणि त्या मूर्तीवरून आणखी एक, तर दर पिढीला बोटं बोथट होतात, सोंडेचा वळसा मऊ पडतो.

फायबरच्या गाडीचं अगदी असंच होतं. साच्याला मेण चोळायचं, त्यावर जेलकोटचा थर, मग काचेच्या तंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवत, रोलरने हवा काढत थरावर थर. पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना किंचित आक्रसतं. पहिल्या पिढीत ते डोळ्याला कळत नाही. पण जगभर प्रतिकृतींच्या धंद्यात एक चोरवाट आहे: मूळ गाडी मोजायचे कष्ट नकोत म्हणून दुसऱ्याच्या प्रतिकृतीवरून साचा मारायचा. अशा चौथ्या-पाचव्या पिढीच्या गाड्यांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, बॉनेट आणि बाजू यांच्यातली फट एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला नखभर असते. नक्कल कुणाची केली याइतकंच नक्कल कशावरून केली हे विचारलं पाहिजे, आणि विक्रेता या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसेल तर तिथून उठावं.

मूळ गाड्या का घेऊ नयेत, याचं उत्तर एका वाक्यात: त्या मिळत नाहीत. फेरारी २५० जीटीओ एकूण छत्तीसच बनल्या; त्यातली एक २०१८ मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. कॅरोल शेल्बीच्या कोब्रा मोजून हजारभर. आणि कोब्राच्या प्रतिकृती मात्र कितीतरी पट, ती जगातली सर्वांत जास्त नकलली गेलेली गाडी असावी. बुगाटी ३५ हवी असेल तर अर्जेंटिनातल्या पाराना शहरात ‘पुर संग’ नावाचा कारखाना आहे. तिथे इंजिनापासून चाकांपर्यंत ती १९२४ सालची फ्रेंच गाडी नव्याने हाताने घडवतात. ही प्रतिकृतींतली सर्वोच्च पायरी, पण किंमतही तशीच.

रूपावर मालकी कुणाची, हा प्रश्न अखेर कोर्टात गेला आणि त्याचा एक धागा मुंबईत येऊन पोचतो. जग्वार कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सची. तिची ‘सी-टाइप’ म्हणजे १९५१ आणि १९५३ च्या ल मॉं शर्यतीची विजेती; दुसऱ्या विजयात तिच्या डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. मूळ सी-टाइप त्रेपन्नच. स्वीडनमधल्या एका जोडप्याने तिच्या प्रतिकृती बनवायला घेतल्या आणि जग्वार लँड रोव्हरने त्यांच्यावर स्वामित्वहक्काचा दावा लावला. २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. जगभरच्या प्रतिकृतीप्रेमींनी सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला. मोठ्या कंपनीने साठ-सत्तर वर्षं ज्या रूपाकडे ढुंकून पाहिलं नाही, ते जिवंत ठेवलं या छोट्या कारागिरांनीच, आणि त्यांनी ते ‘मूळ’ म्हणून विकलेलं नसताना त्यांच्या दारात वकील पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

गंमत अशी, की जग्वार स्वतःही स्वतःच्या प्रतिकृती करते. १९५७ च्या फेब्रुवारीत ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि ‘एक्सकेएसएस’ या गाड्यांपैकी नऊ जळाल्या. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की त्या नऊ आता पूर्ण करू. साठ वर्षांनी. नंतर डी-टाइप, सी-टाइपही तशाच नव्याने काढल्या. यांना नाव ‘कंटिन्युएशन’. त्या हातांनी घडलेल्या, अप्रतिम आहेत, यात शंका नाही. पण १९५७ च्या नकाशावरून २०१६ साली बनलेली गाडी कंपनीने बनवली तर ‘पुढचा भाग’ आणि स्वीडनच्या शेडमध्ये बनली तर चोरी, हा भेद मला पटत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. समजा, पेण-रोह्यातल्या एखाद्याला अशी गाडी घ्यायची आहे.

सर्वांत आधी कागद. अलिबाग, पेण, रोह्याच्या गाड्यांवर एमएच-०६ लागतं आणि ते कार्यालय पेणलाच आहे, म्हणजे प्रश्न शेवटी आपल्याच गावात येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की निर्मात्याने जे तपशील ठरवून दिले आणि जे आरसीत नोंदले गेले, त्यांच्यापासून गाडी वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. म्हणून जुन्या अँबेसेडरचा किंवा जिप्सीचा सांगाडा घेऊन, वरचं अंग फेकून, फायबरची कोब्रा चढवायची आणि जुन्याच आरसीवर फिरायचं, हा मार्ग बेकायदेशीर आहे. बाजारात अशा गाड्या येतात. दिसायला देखण्या असतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट ठेवते ते आरसीवर. निर्मात्याने पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घेतलेली आणि स्वतःच्या नावाने नोंदवलेली गाडी ही खरी वाट.

काहींना वाटतं, व्हिंटेजचा नंबर घेऊन टाकू. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका दिली, नोंदणी फी वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, अंग, इंजिन यांत मोठा बदल नको. म्हणजे १९५७ सारखी दिसणारी २००४ ची गाडी तिथे बसतच नाही. आणि बसू नयेच. परदेशी सरकारांनी प्रतिकृतींसाठी वेगळी दारं ठेवली आहेत. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि जिचं वय ठरवता येत नाही तिला ‘क्यू’ अक्षराचा नंबर मिळतो. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला, की छोट्या निर्मात्याने वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती विकायला हरकत नाही, मूळ गाडी पंचवीस वर्षांपूर्वीची असली म्हणजे झालं. आपल्याकडे असं एखादं दार हवं. ज्या तालुक्यात पोलाद आहे, शेजारी नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा कारखाना आहे, धाटावला रसायनांची एमआयडीसी आहे आणि गावोगाव साचे मारणारे हात आहेत, तिथे तर फारच हवं.

कुठली गाडी घ्यावी? माझं मत ठाम आहे: रायगडात कोब्रा नको, जीटी ४० तर नकोच. कोब्राच्या व्ही-एट इंजिनाचा उकाडा पायांवर येतो, ते मार्च ते मे आपल्याकडे सोसवणार नाही. फोर्डची जीटी ४० हिचं नावच तिच्या चाळीस इंच उंचीवरून पडलेलं. पळस्प्यापासून पुढे वर्षानुवर्षं खोदून ठेवलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकच्या सावलीतून जाणारी चाळीस इंचांची गाडी कुणाला दिसणार? सेव्हनच्या जातीची गाडीही खुजीच, पण तिच्यात तुम्ही उघड्यावर बसता, पुढची दोन्ही चाकं डोळ्यांसमोर वळताना दिसतात, आणि कुठला खड्डा चुकवायचा ते इंचाने कळतं. ती हळू चालवली तरी आनंद देते. हेच तिचं मोल. साठच्या वेगाला तिच्यात जे अंगाला जाणवतं, ते मोठ्या गाडीत दीडशेला जाणवत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर साठच पुरेसे.

यंत्र असं हवं, की रोह्याच्या मिस्त्रीने उघडलं तर त्याला परकं वाटू नये. इसुझू, मारुती, टोयोटा काहीही असो; गॅस्केट आणि क्लचप्लेट पनवेलच्या पलीकडे जावं न लागता मिळाली पाहिजे. चिंकारातल्या अँबेसेडरच्या इंजिनाचं हेच शहाणपण होतं. आता मात्र हिंदुस्थान मोटर्सचं गाड्या बनवणं थांबून दशक उलटलं, तेव्हा अशी गाडी जुनी घेताना इंजिनाबरोबर सुट्या भागांचा साठाही मागून घ्यावा.

सांभाळण्याचं म्हणाल तर आपली हवा हा पहिला शत्रू. पेणच्या खाजणांवरून, मिठागरांवरून येणारा वारा खारा. फायबर गंजत नाही म्हणून माणूस निश्चिंत राहतो आणि आतली नळी आतून गंजत जाते. पोलादी नळीला ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने लागलेला असतो, तिथे खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची आपसात रासायनिक झटापट चालते आणि पत्र्याखाली पांढरी भुकटी साचते. दर दिवाळीच्या आधी खालून टॉर्च मारून प्रत्येक सांधा बघायलाच हवा. दुसरं, फायबरमधून वीज वाहत नाही. साध्या गाडीत पत्रा म्हणजेच अर्थिंग. इथे प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर सांगाड्यापर्यंत स्वतंत्र न्यावी लागते. अशा गाड्यांचे दिवे लुकलुकतात, हॉर्न वाजवला की इंडिकेटर लागतो, त्याचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच. तिसरं, आता पंपावर मिळणारं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या कार्बोरेटरच्या रबरी नळ्या ते खातं आणि हवेतला ओलावा ओढून टाकीच्या तळाशी पाणी धरतं. पावसाळ्याचे चार महिने गाडी उभीच राहणार, तेव्हा नळ्या बदलून घ्याव्यात आणि जूनच्या आधी टाकी रिकामी करावी.

मग दिवाळी ते होळी हा तिचा मोसम. रोह्याहून चणेऱ्याच्या बाजूला सकाळी सातच्या आत निघावं. कुंडलिकेच्या काठचा गारवा असतो, रस्त्याला वळणं आहेत, ट्रक कमी. शर्यत मात्र या रस्त्यांवर लावायची नाही. इथे गुरं असतात, शाळेची पोरं असतात. वेग अजमावायचा तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे. तिथवर गाडी ट्रेलरवर टाकून न्यावी.

आणि खरेदीचं शेवटचं. विकणाऱ्याकडे अंग चढवण्याआधीच्या सांगाड्याचे फोटो मागा. ज्याने मन लावून बांधली, त्याच्याकडे ते असतातच. नसतील, तर बयाणा देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवायला सांगा, नाकाचे स्क्रू काढा, पुढच्या विशबोनच्या कंसाजवळचं वेल्डिंग बघा, सांगाड्यावर कोरलेला नंबर आरसीतल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि मग गाडी वजनकाट्यावर न्या. वडखळ नाक्यापासून रोह्यापर्यंत ट्रकांसाठी काटे आहेतच. विकणारा सहाशे किलो म्हणतो आणि काटा नऊशे दाखवतो, तर ती सेव्हनसारखी दिसणारी दुसरीच कुठली तरी गाडी आहे. किंमत त्याप्रमाणे बोलावी.